शेजाऱ्याला गुण देताना

जूनचा शेवटचा आठवडा होता आणि बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. गोव्यातल्या एका सरकारी खात्यात एका यूडीसीच्या, म्हणजे वरच्या श्रेणीतल्या कारकुनाच्या, सीआरवर (वर्षभराच्या कामाच्या अहवालावर) पेन्सिलीने लिहिलेला आकडा खोडरबराने पुसला गेला. ५.७५ होते, तिथे ६.२० आले. मग त्यावर पेन फिरले, सही झाली, फॉर्म पाकिटात गेला. घडले ते एवढेच. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी धमकावले नाही, आमदाराचा फोन आला नाही. अधिकारी आणि कारकून एकाच देवस्थानाचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेने आलेले सभासद. दोघांची घरे एकाच वाड्यावर. कारकुनाच्या आईने एका तिन्हीसांजेला अधिकाऱ्याच्या आईला सहज विचारले होते, आमच्या पोराचे यंदा होईल ना गो? अधिकारी सरळ माणूस, फायलीवर वेळ काढणारा नव्हे. त्याने जवळच्या सहकाऱ्याला एकच वाक्य सांगितले, ‘चवथीक तोंड कशें दाखोवचें?’ (चतुर्थीला तोंड कसे दाखवायचे?) हे ऐकल्यापासून ती गोष्ट डोक्यातून जात नाही. आकडा वाढला याचे नवल नाही. तो नेमका कोणत्या रकान्यात वाढला, ते टोचत राहते.

गोव्यात सेवेच्या बाबतीत बहुतांशी केंद्राचेच नियम चालतात आणि सीआरचा फॉर्मही त्याच धर्तीचा. त्यात तीन भागांना आकडे द्यायचे असतात, एक ते दहा. प्रत्यक्ष केलेल्या कामाला ४० टक्के वजन, वैयक्तिक गुणांना ३० आणि कामाचे ज्ञान व हातोटी यांना ३०. या कारकुनाच्या कामाला ५ होते, म्हणजे चाळीस टक्क्यांनी २.००. ज्ञानाला ६, म्हणजे १.८०. वैयक्तिक गुणांना आधी ६.५, म्हणजे १.९५. बेरीज ५.७५. पुसून झाल्यावर कामाचे ५ तसेच राहिले, ज्ञानाचे ६ तसेच राहिले. वैयक्तिक गुण तेवढे ८ झाले, त्याचे २.४०, आणि बेरीज ६.२०. चार ते सहाच्या आत ‘चांगला’, सहा ते आठच्या आत ‘अतिशय चांगला’. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ पासून, दहा, वीस आणि तीस वर्षांनी बढती नसली तरी मिळणाऱ्या एमएसीपीच्या वाढीसाठी ‘चांगला’ पुरत नाही, ‘अतिशय चांगला’ लागतो. म्हणजे पाव गुणाच्या अंतरावर माणसाची वरची पगारश्रेणी, पुढे तिच्यावर बेतलेली पेन्शन आणि बहिणीच्या लग्नासाठी काढायचे कर्ज असे सगळे टांगलेले असते. अधिकाऱ्याने कामाच्या रकान्याला हात लावला नाही, कारण तिथे खोटे लिहायला त्याचा हात वळेना. गुणांच्या रकान्यात मात्र ‘वृत्ती’, ‘जबाबदारीची जाणीव’, ‘एकंदर वागणूक’ अशा ओळी असतात. तिथे मोजायला रजिस्टर नसते. समाज फॉर्ममध्ये शिरतो तो याच दारातून.

त्याच खोलीत शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. त्या कारकुनाच्या अडलेल्या फायली वर्षभर त्यांनीच निस्तरल्या. त्यांना ७.८० मिळाले. त्याही ‘अतिशय चांगला’.

पूर्वी हे अहवाल गुप्त असत. कर्मचाऱ्याला कळायचा तो फक्त विरोधी शेरा. मग सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी देव दत्त खटल्याचा निकाल दिला. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेतले कार्यकारी अभियंता. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना ‘चांगला’ अशी नोंद होती आणि बढतीला ‘अतिशय चांगला’ हवे होते. ‘चांगला’ हा विरोधी शेरा नव्हे म्हणून ती नोंद त्यांना कळवलीच गेली नाही, आणि तिच्यामुळेच बढती हुकली. न्यायालयाने म्हटले, नोंद कोणतीही असो, ती कळवलीच पाहिजे. त्यानंतर १४ मे २००९ च्या केंद्रीय आदेशाने अख्खा अहवाल, श्रेणी आणि सचोटीच्या शेऱ्यासह, कर्मचाऱ्याच्या हाती द्यायचे ठरले. नापसंत असेल तर पंधरा दिवसांत निवेदन करता येते. हा निकाल न्यायाचा होता यात मला तिळमात्र शंका नाही. अंधारात लिहिलेल्या एका ओळीने कित्येकांची आयुष्ये अडवली होती. पण ज्या समाजात लिहिणारा आणि वाचणारा रोज एकाच बाजारात मासळी घेतात, तिथे उघड्या अहवालाने एक वेगळेच ओझे आणले. आधी अधिकारी खरे लिहून गप्प राहू शकत असे. आता खरे लिहायचे तर तोंडावर खरे बोलायची तयारी लागते, आणि ते आपल्याला कोणी शिकवलेले नाही. त्यामुळे आकडे वर सरकले आणि वरच थांबले. नियमात तर लिहिले आहे की १-२ किंवा ९-१० हे गुण क्वचितच द्यावेत आणि दिलेच तर विशिष्ट कामगिरी किंवा विशिष्ट अपयश शेऱ्यात नोंदवावे. नऊच्या वर दिले तर पुरावा मागतात, सहाच्या खाली दिले तर माणूस निवेदन करतो. मग सात ते आठ ही सर्वांत निवांत जागा उरते. खात्यातले गठ्ठे उलटून पाहणाऱ्याला तिथे एकामागून एक तेच आकडे आणि तेच शब्द भेटतात. मेहनती, आज्ञाधारक, सहकार्य करणारा. शंभर शब्दांचा शेरा अपेक्षित असतो, त्यात बाराच शब्द असतात.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत माणसे साडेचौदा लाखांच्या आसपास. चाळीस आमदार, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांहून कमी मतदार. मोठ्या राज्यात बदली झाली की माणूस आपल्या नात्यागोत्यातून उचलला जातो. इथे वाळपईहून काणकोणला टाकले तरी तो रात्री जेवायला घरीच असतो. वरिष्ठाची मावशी कनिष्ठाच्या वाड्यावर दिलेली असते. कनिष्ठाचा भाऊ वरिष्ठाच्या मुलाला शिकवतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जत्रेच्या पालखीत, फेस्ताच्या जेवणात, मर्तिकाच्या बाराव्याला, पुन्हा पुन्हा तीच तोंडे समोर येतात. वर्षाकाठी एका माणसाला एक आकडा देऊन मोकळे व्हायचे, ही कल्पना मुळात अनोळखी माणसांसाठी आखलेली आहे. साहेब संध्याकाळी आपल्या गावी जाईल आणि कर्मचारी आपल्या, असे त्यात गृहीत धरलेले असते. इथे दोघे एकाच बसने जातात.

ही जवळीक सगळ्यांना सारखी लाभत नाही, आणि ते अधिक गंभीर आहे. ज्याची आई अधिकाऱ्याच्या आईशी बोलू शकते, त्याचे ६.५ चे ८ होतात. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. त्यांच्यातली सरकारी कचेरीत शिरणारी पहिलीच पिढी आज टेबलावर बसते आहे. तिच्या घरून फोन करायला कोणी नसते. तिच्या सीआरमध्ये कामाचे ७ असतील तर ७ राहतात आणि वागणुकीच्या रकान्यात ‘कमी बोलतो’ म्हणून ६ पडतात. गंमत म्हणून कोणी असे करत नाही, जाणूनबुजूनही करत नाही. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत पेन आपोआप हलके होते आणि अनोळखी माणसासाठी नियमाप्रमाणे चालते, इतकेच. म्हणून ‘आपली माणसे आहेत, सांभाळून घ्यायचे’ हे वाक्य ऐकले की मला विचारावेसे वाटते, आपली म्हणजे कोणाची?

मान आणि क्रम या गोष्टी आपल्याकडे फार जुन्या. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकाऱ्यांच्या, म्हणजे गावसंस्थांच्या, रूढी फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतल्या. तिथेही कोणत्या गावकाराचा मान आधी आणि कोणाचा नंतर, याची कलमे सापडतात. गावकारी ही सामुदायिक जमिनीची मोठी शहाणी व्यवस्था होती. बांध, मानशी (पाण्याची दारे), खाजन (खाडीकाठची खारी शेते) यांची देखभाल तिने शतकानुशतके केली. पण तिच्यात माणसाची जागा त्याच्या वांगडावरून, म्हणजे कुळावरून, ठरे, त्या वर्षीच्या कामावरून नव्हे. त्यावर पोर्तुगीज राजवटीने कागदाची, शिक्क्याची आणि साक्षांकित प्रतीची सवय चढवली आणि १९६१ नंतर भारतीय नोकरशाहीने आपली उतरंड आणली. आजच्या कचेरीत हे सारे थर एकावर एक बसलेले आहेत. हॉफ्स्टेडे या डच अभ्यासकाने आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या नोकरवर्गाला १९६७ ते १९७३ या काळात विचारलेल्या प्रश्नांवरून काही निर्देशांक काढले. वरिष्ठ-कनिष्ठातले अंतर कनिष्ठांना किती स्वाभाविक वाटते, याचा भारताचा आकडा ७७, पोर्तुगालचा ६३, न्यूझीलंडचा २२. एका खासगी कंपनीतल्या माणसांचे हे आकडे डिचोलीच्या मामलेदार कार्यालयाला लावता येणार नाहीत, आणि कोणी लावूही नयेत. पण ७७ आणि २२ शेजारी ठेवले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. न्यूझीलंडने १९८८ च्या कायद्याने खातेप्रमुखांना ठरावीक मुदतीचे करार आणि कामगिरीची लेखी उद्दिष्टे दिली. ती पद्धत जगभर गाजली. तिथला कनिष्ठ साहेबाला नावाने हाक मारून ‘हे उद्दिष्ट जमणार नाही’ असे सांगू शकतो. उद्दिष्ट ठरवताना घासाघीस होते, म्हणून त्या आकड्याला अर्थ असतो. आपल्याकडे साहेब उद्दिष्ट सांगतो आणि कर्मचारी मान हलवतो. मान हलवणे म्हणजे संमती, हा आपला समज. पुष्कळदा तो फक्त आदर असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण फॉर्मातच आहे. वरच्या गटांच्या अहवालात वैयक्तिक गुणांखाली एक ओळ येते, ‘नैतिक धैर्य आणि व्यावसायिक भूमिका ठामपणे मांडण्याची तयारी’. त्यासाठी एक ते दहा गुण. द्यायचे कोणी? ज्याच्याविरुद्ध ती भूमिका मांडायची वेळ बहुतेकदा येते, त्या वरिष्ठानेच. ‘सर, ही निविदा अशी काढता येणार नाही’ असे टिपणात लिहिणाऱ्या अभियंत्याला त्या ओळीत ९ मिळायला हवेत. बरेचदा त्याला तिथे ६ मिळतात आणि शेजारच्या ‘सहकार्याच्या वृत्ती’च्या ओळीत ५. ज्याने कधी मान वर केली नाही, त्याला दोन्हीकडे ८.

दिल्लीने आणखीही प्रयोग केले. २००९ मध्ये केंद्रीय खात्यांसाठी निकालांच्या आराखड्याची पद्धत आली. प्रत्येक उद्दिष्टाला वजन, एकूण १०० आणि साध्य किती यासाठी पाच रकाने. उत्कृष्टला १०० टक्के, मग ९०, ८०, ७० आणि सर्वांत खालच्या ‘निकृष्ट’ला ६०. निकृष्ट ठरण्याची पायरीही साठावर ठेवलेली! २०१४ नंतर ती पद्धत बाजूला पडली. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांसाठी २००८ च्या वेतन आदेशाने उलटे टोक गाठले. उत्कृष्ट दहा ते पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि दहा टक्के अधिकारी सामान्यापेक्षा खाली दाखवलेच पाहिजेत. वास्कोतल्या गोवा शिपयार्डसारख्या उपक्रमांनाही अशीच मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. हजार माणसांच्या कारखान्यात हा हिशेब कागदावर तरी बसतो. आठ अधिकाऱ्यांच्या विभागात दहा टक्के म्हणजे ०.८ माणूस. तो कोण? अशा वेळी सगळीकडे एकच तोडगा निघतो. जो निवृत्तीला आला आहे किंवा जो नुकताच बदलून आला आहे, त्याच्या माथी खालची श्रेणी. ज्याची बढती तोंडावर आली आहे, त्याला वरची. पुढच्या वर्षी पाळी बदलते. खालच्या दहा टक्क्यांची सक्ती २०१७ मध्ये सुटली. ती सुटली हे चांगलेच झाले. माणसांनी तिला वळसा घातला होता तो कामचुकारपणामुळे नव्हे. आपल्यातल्या एकाला दरवर्षी ठरवून खाली ढकलणे त्यांना अन्यायाचे वाटले, आणि त्यांचे वाटणे बरोबर होते.

आणि तरीही, गोव्याचा माणूस कामाची पारख करत नाही असे कोणी म्हणू नये. जत्रेच्या नाटकाची तालीम बघावी. देवळाच्या मंडपात रात्री दहाला पंखा लावून गावचीच मंडळी उभी असतात. कोणी पोस्टमन, कोणी बागायतदार, कोणी बँकेतला. दिग्दर्शक बहुधा गावचाच जुना नट. तो आपल्या सख्ख्या पुतण्याला सर्वांसमोर थांबवतो आणि म्हणतो, वाक्य गिळतोस, पुन्हा घे. पुतण्या पुन्हा घेतो. पाचव्यांदा घेतो. कोणी रुसत नाही, कारण अजून महिना आहे, कारण सांगितले ते एका वाक्याबद्दल, त्याच्याबद्दल नव्हे, आणि कारण चूक सुधारली की दिग्दर्शक तिथेच ‘हां, आता!’ म्हणतो. प्रयोगाच्या रात्री कोणी गुणपत्रिका वाटत नाही. सगळे जे काही सांगायचे ते तालमीत सांगून झालेले असते. सरकारी कचेरीत नेमके याच्या उलट चालते. अकरा महिने कोणी काही बोलत नाही आणि बाराव्या महिन्यात एकदम आकडा येतो. तोंडावर सांगणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. वर्ष संपल्यावर, कागदावर, माणसाविषयी सांगणे बसत नाही. वेळेवर, कामाविषयी सांगणे उत्तम बसते.

भारतीय मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास असेच काहीसे मांडले होते. आपल्याकडचा कनिष्ठ वरिष्ठाकडून माया अपेक्षितो आणि त्याला श्रद्धा देतो. हे नाते मोडून टाकण्यापेक्षा ती माया कामाशी जोडणारा वरिष्ठ इथे जास्त परिणामकारक ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष. माया ठेवायची, पण काम झाल्यावर ती जास्त दिसली पाहिजे. वर्षानुवर्षे ज्या कचेऱ्या बऱ्या चालतात, तिथला हेड क्लार्क किंवा विभागप्रमुख हेच करत असतो, त्याने सिन्हांचे नाव ऐकले असो वा नसो.

कृतीत हे कसे येईल, ते फार अवघड नाही. एप्रिलमध्ये, स्वमूल्यांकनाचा कागद १५ तारखेपर्यंत भरायचा असतोच, त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाची कामे लिहून काढावीत. चार किंवा पाच, जास्त नकोत. ‘फायलींचा निपटारा’ असे मोघम नको. आवक रजिस्टरात नोंद झाल्यापासून टिपण वर जाईपर्यंत किती दिवस, किती प्रकरणे त्रुटी दाखवून परत पाठवली आणि त्यातली किती दुसऱ्यांदाही परत गेली, असे मोजता येईल ते. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा गोव्याचा २०१३ चा कायदा आहे आणि मुदत पाळायची सर्वांत सोपी पळवाट म्हणजे शेवटच्या दिवशी एक त्रुटी काढणे. लोक पुन्हा हेलपाटा घालतात, कागदावर मुदत पाळलेली दिसते. फक्त दिवस मोजले तर हीच सवय वाढते. त्रुटी एकदमच, पहिल्याच वेळी काढल्या का, हेही मोजले पाहिजे.

मग जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत प्रत्येकाशी पंधरा मिनिटे. केबिनमध्ये, दार लोटून, कारण चार लोकांसमोर सांगितलेले इथे वर्मी लागते. रजिस्टर समोर उघडे ठेवून. ‘तू सुस्त आहेस’ म्हणायचे नाही. ‘मे महिन्यातली ही नऊ प्रकरणे एकवीस दिवस तुझ्याकडे होती, कुठे अडली?’ असे विचारायचे. पुष्कळदा उत्तर निघते की सर्व्हरच चालत नव्हता, किंवा दुसऱ्या खात्याचा दाखला आलाच नाही, किंवा घरी वडील आजारी आहेत. यातले काही अधिकाऱ्याने सोडवायचे असते. बोलणे झाले की त्याच दिवशी दोन ओळी लिहायच्या, तारीख घालायची, दोघांच्या आद्याक्षरांच्या सह्या. या सह्या नसल्या तर सगळे वाया जाते, कारण जूनमध्ये आठवणी बदलतात. वर्षाकाठी अशा तीन नोंदी झाल्या की अहवाल लिहिणाऱ्याला ३० जूनपर्यंत आकडा शोधावा लागत नाही. एखाद्या घरून विचारणा आलीच तर त्यालाही म्हणता येते की ऑक्टोबरात आमचे बोलणे झाले होते, त्याने स्वतः सही केली आहे. त्याची मान वाकत नाही आणि नातेही तुटत नाही. जुलैअखेरपर्यंत तपासणारा वरचा अधिकारीही मग नुसते ‘सहमत’ लिहून मोकळा होऊ शकत नाही, त्याच्यापुढे नोंदी असतात. वागणुकीच्या रकान्यातला आकडा कामाच्या आकड्यापेक्षा दीड-दोन गुणांनी वर असेल, तर त्याने कारण विचारावे. एवढा एक प्रश्न पुरतो.

बिघाड कुठे होईल तेही सांगायला हवे. या नोंदी कोणी परिपत्रक काढून सक्तीच्या केल्या, तर जानेवारीच्या शेवटच्या दिवशी तिन्ही एकदम, एकाच शाईने भरल्या जातील. तीस माणसांच्या विभागाला एकच अधिकारी असेल, तर पंधरा मिनिटांचे तीन होतील, म्हणून मधल्या फळीतल्या हेड क्लार्कवर हे काम सोपवावे लागेल आणि त्याचे म्हणणे अहवालात धरावे लागेल. बदली झाली तर जुन्या अधिकाऱ्याच्या नोंदी नव्याकडे जायला हव्यात, कारण तीन महिने काम पाहिल्याशिवाय त्याला अहवाल लिहिताच येत नाही. आणि ज्यांच्या घरून कोणी विचारायला येत नाही, त्यांच्याशी आधी बोलावे. त्यांच्याकडे बहुतेक वेळा सांगण्यासारखे जास्त असते आणि ते आपण होऊन सांगत नाहीत.

सुरुवात वरून व्हावी लागेल. आपली उतरंड खरी आहे, ती एका वर्षात सपाट होणार नाही, तेव्हा तिच्याच पायऱ्या वापराव्यात. पर्वरीच्या सचिवालयात सचिवाने आपल्या संचालकांना जुलैत केबिनमध्ये बसवून, रजिस्टर उघडून, दोन ओळी लिहून सह्या केल्या, तर ती बातमी आठवड्यात पणजीतल्या खात्यांत पोहोचते आणि महिन्याभरात सांगे, केपे, पेडण्याच्या कचेऱ्यांत. संचालकाला स्वतःबद्दल दोन ओळी ऐकून घ्याव्या लागल्या की तो उपसंचालकाशी वेगळ्या आवाजात बोलतो. आणि त्या बैठकीत सचिवाने एक प्रश्न जरूर विचारावा. गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला कोणत्या कनिष्ठाने ‘हे करता येणार नाही’ असे लेखी सांगितले? नाव आलेच, तर त्या कनिष्ठाच्या अहवालात नैतिक धैर्याच्या ओळीपुढे काय लिहायचे, ते तिथेच ठरवून टाकता येईल.